पाचवी ब आणि पारूची घागर

शाळेतले किस्से साठवायचे म्हटलं तर त्यांना वेगळं कपाट लागेल, आणि आमच्या शाळेत कपाटं आधीच कमी. त्यामुळे ते माझ्या डोक्यातच पडून असतात. कुणी चहाला बसलं की एकेक बाहेर येतो. पण गेल्या वर्षी एकाच पुस्तकावरून जेवढे जमले, तेवढे आख्ख्या नोकरीत जमले नव्हते. आणि आधीच सांगते, ऐकताना तुम्ही हसाल, मी मात्र अजून चिडते. आत्ता सांगायला बसलेय तर कान गरम व्हायला लागलेत बघा.

मी काळेवाडीतल्या एका मराठी शाळेत पाचवी ब शिकवते. वर्गातल्या निम्म्या पोरांचे आईबाप चाकण नाहीतर भोसरीच्या कंपन्यांमध्ये. बाकीची पोरं जुन्या गावकऱ्यांची. शाळेची जागा ज्या घराण्यानं दिली, त्याचे कर्ते पुरुष आमच्या संस्थेचे अध्यक्ष. सगळी काळेवाडी त्यांना आप्पा म्हणते, आम्हीही आप्पाच म्हणतो. आप्पांचा नातू शौर्य माझ्याच वर्गात.

तर जूनमध्ये आप्पा शाळेत आले, मागून टेम्पो आला, आणि टेम्पोतून एका ऐतिहासिक कादंबरीच्या प्रती उतरल्या. मोठ्या माणसांची कादंबरी हो! वेढा, तोफा, मुडदे, सगळं आत. जाडी एवढी की पोरांच्या दप्तरात डब्याला जागा उरेना. मी म्हटलं, आप्पा, ही दहा वर्षांची मुलं आहेत. आप्पा म्हणाले, "बाई, पोरांचं रक्त सळसळलं पायजे. त्ये पुस्तक आमच्या काळजात हाय."

हेडसरांनी लगेच आठवड्यातून दोन तास काढून दिले. गणिताचे काढले. पुस्तक काळजात आप्पांच्या, आणि अपूर्णांक कच्चे राहिले माझ्या पोरांचे.

\* \* \*

कादंबरीची गोष्ट थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मावळातला एक लहानसा गड. खाली शत्रूचा वेढा. गडावर एक रुबाबदार सरदार, हसन नावाचा गोलंदाज, भिका नावाचा पहारेकरी आणि थोडे शिपाई. गडावरचं टाकं फुटलेलं, म्हणून पारू नावाची एक बाई खालच्या ओढ्यावरून आडवाटेनं घागर घेऊन रोज वर येते. तिच्या पाण्यावर गड जगतो.

पहिल्या आठवड्यात पालक भेटायला आले. मला वाटलं, एवढ्या मारामाऱ्या का वाचून घेता म्हणून भांडतील. मी तयारीत होते. छे! एकजात सगळ्यांचा एकच प्रश्न, "मॅडम, हे परीक्षेला आहे का?" नाही म्हटलं की चेहरे पडायचे.

एक गृहस्थ मात्र थांबून राहिले. आवाज मऊ करून म्हणाले, "मॅडम, इतिहास तुम्हीच शिकवणार? तुमचं गाव कुठलं?" मी म्हटलं, काळेवाडी. "तसं नाही, मूळचं?" मूळचंही काळेवाडी, वडील इथेच कंपनीत होते. "नाही, म्हणजे... त्याच्याही आधी?"

आता हा प्रश्न कशासाठी असतो ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग मी त्यांना घराचा पत्ता सांगायला सुरुवात केली. डांगे चौकातून सरळ या, पुलाखालून डावीकडे, पिठाच्या गिरणीशेजारची बिल्डिंग, दुसरा मजला. सांगतच राहिले. ते बिचारे मान हलवत हलवत दारापर्यंत गेले.

\* \* \*

वर्गात ऋतुजा नावाची मुलगी आहे. तिची आई चाकणला वायरिंगच्या लाइनवर काम करते, पहाटेच्या बसनं जाते. ऋतुजाला वाचायला जड जायचं. ओळीवर बोट ठेवून एकेक शब्द उचलायची, आणि बाकीची पोरं सुस्कारे टाकायची. चौथीपर्यंत तिच्या प्रगतीपुस्तकावर 'वाचन सुधारावे' एवढाच शेरा. कुणी सुधारायचं, ते लिहिलेलं नाही!

तर पारू पहिल्यांदा आली त्या दिवशी वाचायची पाळी नेमकी ऋतुजाची होती. पारू दगडाला धरून चढतेय, हिंदकळू नये म्हणून घागरीत पळसाचं पान टाकलंय, असं काहीतरी वर्णन. ऋतुजा अडखळत अडखळत पान संपेपर्यंत वाचत गेली. वाचून झाल्यावर म्हणाली, "मॅडम, आमची आईपण असंच करते. टँकर आला की हंड्यात ताटली टाकते."

त्या दिवसापासून तास सुरू झाला की पहिला प्रश्न ऋतुजाचा. आज पारू आहे का? पारू असली की वाचणार तीच. दिवाळीपर्यंत तिचं बोट ओळीवरून उठलं होतं. मी हेडसरांना कौतुकानं सांगायला गेले, तर म्हणाले, "छान, छान. गणिताचं काय?"

तास कुणी काढून घेतले होते, सांगा!

\* \* \*

सहामाहीला हेडसरांनीच या पुस्तकावर एक प्रश्न घातला. भिका पहारेकरी दोन दिवस उपाशी असूनही बुरूज सोडून का गेला नाही? आदर्श उत्तर, स्वामिनिष्ठेमुळे.

माझ्या वर्गातल्या बहुतेक पोरांनी लिहिलं, 'त्याचा रिलीव्हर आला नाही म्हणून.'

हेडसरांनी सगळ्यांना भोपळा दिला. मी गठ्ठा घेऊन केबिनमध्ये गेले. म्हटलं, सर, या पोरांचे वडील मशिनवर असतात. शिफ्ट संपली तरी पुढचा माणूस येऊन उभा राहिल्याशिवाय जागा सोडता येत नाही. बाप घरी उशिरा आला की आई पोरांना सांगते, रिलीव्हर आला नाही. यांच्या घरात निष्ठा म्हणतात ती हीच. याहून बरोबर उत्तर मला तरी सुचत नाही. हेडसर म्हणाले, मॉडेल आन्सरमध्ये नाही.

दुसऱ्या दिवशी मला बँकेत जायचं होतं. माझ्या तासाला हेडसर स्वतः वर्गावर गेले. बँकेतून मी वेळेत परत आले, पण वर्गावर गेले नाही. स्टाफरूममध्ये बसले, चहा मागवला, बिस्कीट बुडवून खाल्लं. तास संपला, पुढचा सुरू झाला. हेडसरांचा फोन वाजतोय, बाहेर डीलर बाकं दाखवायला येऊन थांबलाय, आणि साहेब पाचवी बच्या दारात उभे. आत नाहीत, बाहेर नाहीत. पोरं त्यांना सांगतायत, सर, मॅडम येतीलच.

मी पोचले तेव्हा ते लाल झाले होते. मी विचारलं, "सर, सोडून का नाही गेलात?"

"अहो, पोरं एकटी टाकून कसा जाणार!"

"मग काय लिहू? स्वामिनिष्ठा, की रिलीव्हर आला नाही?"

संध्याकाळी शिपाई पेपरचा गठ्ठा परत घेऊन आला. सगळ्यांचे मार्क वाढले होते.

\* \* \*

मग गॅदरिंग आलं. आप्पांनी जाहीर केलं, की कादंबरीवर नाटक बसवायचं, आणि सरदार होणार शौर्य. याबद्दल कुणी विचारायचंही कारण नव्हतं. गावात कुठलाही कार्यक्रम असो, पहिला नारळ आणि पहिला फेटा त्या घराण्याचा. तो त्यांचा मान. शाळेच्या गॅदरिंगलाही तेच चालतं.

मी म्हटलं, चालेल. शौर्य गुणी पोरगा आहे, त्याचं माझं काही भांडण नाही. पण शत्रू कोण होणार? एकही पोर तयार होईना. तेव्हा पालक समितीतल्या एक बाई सहज, अगदी भाजी निवडल्यासारख्या सहज म्हणाल्या, "तो समीर शेख आहे ना वर्गात, त्याला करा की."

समीर तिथेच होता. फळा पुसत होता. त्यानं डस्टर खाली ठेवलं नाही, पुसतच राहिला. फळा स्वच्छ झाला होता तरी.

माझा आवाज मोठा आहे, त्या दिवशी तो कॉरिडॉरभर गेला. म्हटलं, ताई, तुम्ही पुस्तक वाचलंय का? गडावरचा गोलंदाज कोण आहे? हसन. तोफ कोण उडवतो? हसन. तुमचा सरदार झोपलेला असताना तटावर जागा कोण असतो? हसन! बाई म्हणाल्या, अय्या, असं आहे होय, मी नुसतं कव्हर पाहिलं होतं.

समीर गोलंदाज झाला. शत्रूचं सैन्य आम्ही पाचवी अ मधून आणलं. त्यांनी पुस्तक वाचलेलं नसल्यामुळे त्यांना काही फरक पडत नव्हता.

\* \* \*

तलवारींचं ऐका. एका मुलाच्या वडिलांचं भोसरीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. मराठवाड्यातून आलेला अतिशय सज्जन माणूस. म्हणाले, "मॅडम, तलवारींचं टेन्शन घेऊ नका, मी करून देतो बगा." मी म्हटलं, वा! मला वाटलं पुठ्ठा, फार तर प्लायवूड. त्यांनी ड्रॉइंग मागितलं. मी कव्हरवरच्या तलवारीचा फोटो पाठवला. त्यांनी परत विचारलं, टॉलरन्स किती ठेवू, मापात फरक किती चालेल? मी म्हटलं, तुम्हाला योग्य वाटेल तो.

चूक माझीच. भोसरीतल्या माणसाला असं कधी सांगू नये.

आठ दिवसांनी रिक्षातून तलवारी आल्या. लोखंडाच्या! जाड पत्र्यातून लेझरनं कापलेल्या, मुठीला पावडर कोटिंग, एकीसारखी दुसरी. शौर्यनं एक उचलायला घेतली आणि स्वतःच खाली बसला. मी किंचाळले, अहो, लहान मुलं आहेत ही, हातबीत कापला म्हणजे? त्यांचा चेहरा एवढा पडला. म्हणाले, "मॅडम, कडा घासूनच दिल्यात. हात फिरवून बगा." आणि एवढं काम त्यांनी वर्कशॉपची ऑर्डर बाजूला ठेवून केलेलं. रागावणार तरी कुणावर?

पोरांना आम्ही पुठ्ठ्याच्या दिल्या. लोखंडाच्या अजून शाळेत आहेत. त्यातली एक खिचडीवाल्या मावशींनी नेली. लाल भोपळा फोडायला याच्यासारखं दुसरं काही नाही, म्हणतात.

\* \* \*

आता माझा खरा संताप. तालमीच्याच दिवसांत वर्गात आम्ही कादंबरीचं शेवटचं प्रकरण वाचलं. वेढा कडक होतो, आणि एका पहाटे सरदार चोरवाटेनं गड सोडून निघून जातो. गड राखतात हसन, उरलेले शिपाई आणि पाणी आणणारी पारू. कुमक येते, शत्रू वेढा उठवून जातो, मग सरदार परत येतो आणि मानाचा फेटा बांधून घेतो. पारू मात्र परत येत नाही. दरवाज्याशी तिची घागर सापडते, भरलेली. बस, तिथे पुस्तक संपतं.

ऋतुजानं विचारलं, पारूचं काय झालं? मी म्हटलं, पुस्तकात लिहिलेलं नाही. तिला ते मुळीच पटलं नाही. मग शौर्यनं हात वर केला. "मॅडम, फेटा बांधून घेताना त्याला लाज नाही वाटली?"

दहा वर्षांचं पोर विचारतंय हे.

आणि इकडे नाटकासाठी बाहेरून दिग्दर्शक आणलेले. शाळाशाळांची गॅदरिंग करतात, संवाद आधीच रेकॉर्ड केलेले असतात, पोरांनी नुसते ओठ हलवायचे. त्यांच्या नाटकात चोरवाट नाही. सरदार शेवटपर्यंत लढतो, जिंकतो, आणि आप्पा स्वतः स्टेजवर येऊन त्याला फेटा बांधतात. आणि पारू? पारूला काट! पाणी आणण्याचा सीन स्लो होतो म्हणे.

पारू आपणच होणार असं धरून ऋतुजानं पुस्तकातली पारू महिनाभर आधीच पाठ केली होती. तिची आई शाळेच्या कार्यक्रमाला कधी येऊ शकली नव्हती, शिफ्ट आडवी यायची. या वेळी तिनं लाइनवरच्या मैत्रिणीशी शिफ्ट बदलून घेतली होती. ऋतुजानं आख्ख्या वर्गाला सांगून ठेवलं होतं, माझी आई येणार.

मी दिग्दर्शकाशी भांडले. तो म्हणाला, आप्पांना विचारा. हेडसरांकडे गेले. ते म्हणाले, आप्पांना कोण सांगणार, तुम्ही? म्हटलं, हो, मी. गेले आप्पांच्या घरी. त्यांनी आदरानं बसवलं, सुनेनं चहा दिला. मी म्हटलं, आप्पा, पारूला ठेवा, तिच्यामुळे गड राहिला. आप्पा हसले. "बाई, पाणी आणणारी बाई बघून कुणाचं रक्त सळसळंल?"

मी विचारलं, आप्पा, शेवटचं प्रकरण आठवतंय ना? ते म्हणाले, "समदं पाठ हाय आमाला."

कपाळ माझं! काळजात असलेलं पुस्तक या माणसानं उघडलेलंच नव्हतं. तोंडावर आलं होतं, पण त्यांच्या घरात, त्यांच्या सुनेसमोर बोलवेना.

ऋतुजाला मी सांगितलं तेव्हा ती रडली नाही. फक्त विचारलं, मग मी आईला नको येऊ म्हणून सांगू का? मी म्हटलं, अजिबात सांगायचं नाही. शेवटी दिग्दर्शकाशी हुज्जत घालून तिला पडदा ओढायचं काम मिळवून दिलं. तरी तिनं साडी नेसायचीच म्हटलं. घागरही घरून आणली, पितळी, आजीची, पाण्यानं भरून. पडद्यामागे तर उभं राहायचंय, कोण बघतंय, म्हणून मीही काही बोलले नाही.

\* \* \*

गॅदरिंगला मैदान भरलं होतं. पुढे सोफ्यावर पाहुणे, मागे खुर्च्या, त्यामागे उभी असलेली माणसं. ऋतुजाची आई सगळ्यात मागे, कंपनीच्या आयकार्डाची दोरी गळ्यात तशीच. मी विंगेत होते. पलीकडच्या विंगेत ऋतुजा, हातात पडद्याची दोरी, पायाशी घागर.

नाटक झालं. तोफा वाजल्या, समीरनं झोकात तोफ उडवली, पाचवी अ मरून पडली. शौर्य ओठ हलवत जिंकला. टाळ्या. सनईची रेकॉर्ड लागली आणि आप्पा फेटा घेऊन स्टेजवर आले. भगवा, जरीचा. दुसऱ्या हातात माइक. दोन शब्द बोलले, रक्त सळसळलं वगैरे. मग कौतुकानं नातवाच्या तोंडापुढे माइक धरला. "सांगा सरदार, गड कुनी राखला?"

आता हे रेकॉर्डवर नव्हतं.

शौर्यनं आजोबांकडे बघितलं, फेट्याकडे बघितलं, आणि एक पाऊल मागे सरकला. म्हणाला, "आप्पा, मी राखला नाही. मी चोरवाटेनं पळालो होतो. पुस्तकात आहे."

साउंडवाल्यानं सनईची रेकॉर्ड बंद केली. आख्ख्या मैदानाला ऐकू गेलं होतं. आप्पांना वाटलं पोर गडबडलं, ते हसत पुढे झाले. शौर्य पुन्हा मागे. "फेटा पारूचा आहे. ती तिथे आहे." आणि पलीकडच्या विंगेकडे बोट दाखवलं.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर मी प्रश्न बघितला. "बाई, खरं हाय का ह्ये?"

मी म्हटलं, "शेवटचं प्रकरण, आप्पा."

ऋतुजानं पडद्याची दोरी सोडली. पडदा अर्धा खाली आला आणि तिथेच अडकला. तिनं खाली वाकून घागर उचलली, पदर खोचला आणि स्टेजच्या मधोमध चालत आली. घागर जड होती, कमरेवर तोललेली, पाणी सांडत होतं. हसन गोलंदाज तोफेमागून उठून बाजूला सरकला. मागच्या रांगेत एक आयकार्डवाली बाई खुर्चीवर चढून उभी राहिली.

आप्पा फेटा हातात घेऊन उभे. समोर गाव. मग त्यांनी माइक हेडसरांच्या हातात दिला, फेटा उलगडला आणि तिच्या डोक्याभोवती पहिला फेर घेतला. घागरीच्या वजनानं ती एका बाजूला कलत होती, फेटा नीट बसेना. हळूच म्हणाले, "पोरी, घागर खाली ठेव की जरा."

"नको," ऋतुजा म्हणाली. "लवकर बांधा, आप्पा. वर माणसं तहानलेली आहेत."